बीटलचं १६०० इंजिन उघडलंय: तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालाय, पिस्टन-बॅरल बदलून भागेल का?

निळी_बीटल

नमस्कार मंडळी,

१९७० ची फोक्सवॅगन बीटल आहे. इंजिन १५८४ सीसी, हवेवर थंड होणारं, सिंगल पोर्ट, ऑईल कूलर जुन्या पद्धतीने फॅन हाउसिंगच्या आतच. गेले काही महिने गाडी चढावर दम धरत नव्हती आणि सायलेन्सरमधून मधूनच फट्‌फट् ऐकू यायचं. कॉम्प्रेशन काढलं. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर १०५ ते ११० पीएसआय, तिसरा ३५. हेड उतरवलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला पाचरीएवढी खाच, तेवढा भाग जळूनच गेलाय. त्याच बॅरलला उभे ओरखडे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. मागच्या चार-पाच वेळा टॅपेट सेट करताना याच एका व्हॉल्व्हचा गॅप (दांडा आणि रॉकर यांच्यातली फट) संपलेला असायचा. फीलर गेजचं ०.१५ मिमीचं पान आत शिरायचंच नाही. मी पुन्हा ०.१५ करायचो आणि झाकण लावून टाकायचो. त्यावर कधी विचार केला नाही.

आता बेत असा आहे: नवीन पिस्टन-बॅरल किट, हेडला नवे व्हॉल्व्ह आणि गाइड, आणि इंजिन बंद. खालून काही आवाज नव्हता, त्यामुळे केस (क्रँक ज्यात बसतो ते इंजिनाचं खोकं) उघडायची इच्छा नाही. चालेल का?

मापपट्टी

थांबा, किट इतक्यात मागवू नका.

टॅपेटचा गॅप हळूहळू वाढत गेला तर ती बहुधा रॉकरकडची झीज असते. तो कमी होत गेला तर एक तर व्हॉल्व्हचा दांडा ताणला जातोय, नाही तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्यातल्या उष्णतेला बाहेर पडायला दोनच वाटा असतात. मोठी वाट सीटमधून हेडमध्ये, आणि तीही व्हॉल्व्ह बंद असेल तेवढाच वेळ. लहान वाट दांड्यातून गाइडमध्ये. गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि मोठी वाट बंद होते. मग तो आणखी तापतो, आणखी लांबतो, आणि शेवटी कड जळते. डोकं तुटून पिस्टनवर पडलं असतं तर आज केससकट सगळं गेलं असतं.

तर तो व्हॉल्व्ह चार-पाच वेळा तुम्हाला सांगत होता. आता काय सांगत होता ते शोधू, नाही तर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाईल.

तिसराच का, याचं निम्मं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या मॉडेलमध्ये ऑईल कूलर फॅन हाउसिंगच्या आत, तीन नंबरच्या वर उभा असतो. त्या सिलिंडरला मिळणारी हवा आधी कूलरमध्ये अडते आणि तेलाने तापून खाली येते. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर हाउसिंगच्या बाहेर सरकवला, त्याला हवेची स्वतंत्र वाट दिली आणि पंखाही जास्त रुंद केला. पण जुन्या कूलरवरही ही इंजिनं वर्षानुवर्षं नीट चाललेली आहेत, म्हणून उरलेलं निम्मं उत्तर तुमच्या गाडीत शोधायला हवं. तीन गोष्टी बघून सांगा:

बॅरलांच्या खाली, दोन बॅरलांच्या मध्ये वळवलेला पत्रा आहे का? इंजिनभोवतीचं रबर अखंड आहे का? आणि केस न उघडता, फ्लायव्हीलला डायल गेज लावून क्रँकचा पुढे-मागे होणारा खेळ किती येतो?

रॉकरआर्म

सगळं उघडलंच आहे तर ८७ मिमीचे बॅरल टाका की. केसला हात न लावता तुमच्याच भोकात बसतात, १६४१ सीसी होतात आणि चढावर फरक कळतो.

लेथवाली

रॉकरआर्म, याला माझा विरोध आहे. केसमधलं आणि हेडमधलं भोक तेच ठेवून बोअर ८५.५ वरून ८७ वर नेला, म्हणजे वाढलेले दीड मिमी बॅरलच्या भिंतीतूनच गेले. या इंजिनात बॅरल आणि हेडच्या मध्ये पॅकिंग नसतं. बॅरलची वरची कड थेट हेडवर बसते आणि स्टडचा सगळा दाब त्या पातळ कडेवर येतो. तापल्यावर असं बॅरल गोल राहत नाही. माझ्याकडे बोअर गेजने तपासायला आलेली पातळ बॅरलं वरच्या भागात लंबगोल झालेली होती. ५६ सीसीसाठी, आणि तेही ज्या गाडीत मुळात उष्णतेचीच तक्रार आहे तिच्यात, हे करू नये.

रॉकरआर्म

पटलं. माझ्याकडे ८७ वाले कूलर बाहेर असलेल्या इंजिनावर आहेत, तोही फरक असेल.

निळी_बीटल

मापपट्टी, तुम्ही विचारलेलं पाहिलं.

खालचे पत्रे नाहीत. एकही नाही. मी आजवर ते कधी पाहिलेलेच नाहीत, म्हणजे गाडी माझ्याकडे यायच्या आधीच कुणीतरी इंजिन उघडून ते परत न लावता बंद केलंय. रबर डाव्या बाजूला हातभर गायब आहे. थर्मोस्टॅटच्या जागी नुसता रिकामा ब्रॅकेट.

आणि क्रँकचा खेळ ०.२२ मिमी.

मापपट्टी

उरलेलं निम्मं उत्तर मिळालं.

पंखा हवा वरून खाली ढकलतो. वरचा अर्धा बॅरल कसाही थंड होतो, हवा थेट फिन्सवर आदळतेच. पुढे मात्र ती सोपी वाट धरते आणि दोन बॅरलांमधल्या मोकळ्या जागेतून सरळ खाली निघून जाते. खालचा पत्रा ती वाट अडवतो आणि हवेला बॅरलच्या पोटाला चिकटून वळायला लावतो. पत्रा नसला की बॅरल वर थंड आणि खाली गरम. तो वाकडा फुगतो, रिंगा सील करत नाहीत, आणि जवळचं हेडही तापतं. पुशरॉड ट्यूब बसल्या की हे पत्रे लावता येत नाहीत, म्हणून विसरलेले पत्रे तसेच राहून जातात.

रबराचंही तेच. पत्रा आणि रबर मिळून इंजिनाचे दोन मजले होतात, वर थंड हवा आणि खाली सायलेन्सरची उष्णता. मध्ये फट राहिली की पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा ओढतो. थर्मोस्टॅट काढून टाकायची रीत फार पसरली आहे, पण तो ६५ ते ७० अंशांना फॅन हाउसिंगमधल्या हवेच्या झडपा उघडतो आणि तोवर इंजिन लवकर गरम होऊ देतो. थंड इंजिन रोज बराच वेळ चालवलं तर बॅरल आणि रिंगा झिजतात. काढलाच असेल तर निदान झडपा उघड्या स्थितीत अडकवलेल्या हव्यात. तेही तपासा.

०.२२ म्हणजे केस उघडावीच लागणार. खेळ ०.०७ ते ०.१३ हवा, ०.१५ च्या पुढे चालवू नये. पुढचं लेथवाली ताई सांगतील.

लेथवाली

निळी_बीटल, केस मॅग्नेशियमची आहे हे धरून चला. हलकी असते, पण मऊ. आत ५५ मिमीच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या त्याच्या गोल भागावर) क्रँक फिरतो आणि दोन नंबरचा मेन बेअरिंग सिलिंडरांच्या मधोमध येतो. सगळ्यात जास्त ठोके त्यालाच. वर्षानुवर्षांनी तो बेअरिंग आपल्या घरात हलायला लागतो आणि घर लंबगोल होतं. वरून आवाज येत नाही म्हणून ते ठीक आहे असं समजू नका. तेलाचा दाब गरम झाल्यावर पडत असेल तर शंका पक्की.

केस उघडलीत की बेअरिंगची पाठ बघा. पाठीवर काळपट, घासल्यासारखे डाग असतील तर तो हलत होता. मग क्रँक बाहेर ठेवून दोन्ही अर्ध्या केस पूर्ण टॉर्कने आवळा, १२ मिमीचे नट ३४ न्यूटन-मीटर आणि ८ मिमीचे २०, आणि बोअर गेजने एक ते तीन नंबरची घरं तीन दिशांनी मोजा. माप ६५.०० ते ६५.०२ मिमी हवं. एका दिशेला जास्त आलं की लाइन बोअर: सगळी घरं एका रेषेत ०.५ मिमीने मोठी करायची आणि बाहेरून ०.५ ओव्हरसाइज बेअरिंग टाकायचे. पहिल्या बेअरिंगच्या कडेला जिथे क्रँकचा धक्का बसतो तो चेहरा त्याच वेळी सपाट करून घ्या. तुमचे ०.२२ बहुतेक तिथेच गेलेत.

तेलाच्या वाटांचे बुच काढायला लावा, आटे पाडून स्क्रूचे बुच बसवा आणि प्रत्येक वाट ब्रशने धुवा. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नाही, फक्त जाळी आहे. पन्नास वर्षांचा गाळ त्या वाटांमध्ये बसलेला असतो, आणि मशीनचा कीसही तिथेच शिरतो.

हेडच्या स्टडचे आटे गेले असतील तर पोलादी इन्सर्ट बसवून घ्या. गेले नसतील तरी घ्या.

नवशिका

वाचतोय आणि शिकतोय. एक शंका: हेडचे नट फक्त ३२ न्यूटन-मीटरवर का? पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीच्या हेडला याच्या दुप्पट-तिप्पट लावतात.

लेथवाली

चांगला प्रश्न आहे. केस मॅग्नेशियमची, हेड ॲल्युमिनियमचं, बॅरल बिडाचं, स्टड पोलादाचा. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम पोलादापेक्षा साधारण दुप्पट प्रसरण पावतात. म्हणजे इंजिन गरम झालं की हेड आणि केस जाड होतात, स्टड तेवढा लांब होत नाही, आणि ताण आपोआप वाढतो. १० मिमीच्या स्टडला थंड असताना ३२ न्यूटन-मीटर लावलेले गरम इंजिनात बरेच जास्त झालेले असतात. थंड असतानाच ४५ लावले तर गरम झाल्यावर स्टड मऊ केसमधून आट्यांसकट उपसून येतो. नंतर आलेल्या ८ मिमीच्या स्टडला तर २५ च. ते बारीक स्टड स्वतः थोडे ताणतात आणि केसवर कमी जोर येतो, म्हणून मला तेच जास्त आवडतात.

निळी_बीटल

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

दोन नंबरचं घर एका दिशेला ६५.०६. बेअरिंगच्या पाठीवर ताईंनी सांगितले तसेच डाग. लाइन बोअर झाला, धक्क्याचा चेहरा सपाट झाला, इन्सर्ट बसले. तेलाच्या वाटांमधून जे काळं निघालं ते पाहून मी केस घरी पुन्हा तीनदा धुतली. क्रँकचे जर्नल ५४.९७, नुसतं पॉलिश पुरलं. पिस्टनांच्या वजनात सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांत ४ ग्रॅमचा फरक, मर्यादा १० ची आहे म्हणून तसेच ठेवले. रिंगांचे गॅप बॅरलमध्ये घालून मोजले, वरच्या दोन्ही ०.३५ च्या आसपास.

आता डेक (पिस्टन वर आल्यावर बॅरलच्या कडेपर्यंत उरणारं अंतर) आणि कॉम्प्रेशन रेशोचं कोडं आहे. हेड आधी कधीतरी घासलेली दिसतात, त्यामुळे मूळचं ७.५ राहिलं असेल का, कळत नाही.

मापपट्टी

अंदाज नको, मोजा. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, चेंबरवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच ग्रीसने चिकटवा आणि ब्युरेटने पातळ तेल सोडत किती मावतं ते बघा. चारही चेंबर. मग बॅरल केसवर कागदी पॅकिंगसकट बसवा, वॉशर आणि नट लावून दाबा, पिस्टन अगदी वर आणा आणि बॅरलच्या कडेपासून तो किती खाली राहतो ते डेप्थ गेजने मोजा. हे माप पिस्टन-पिनच्या रेषेवर घ्या, म्हणजे पिस्टन डुलल्याची चूक येत नाही.

निळी_बीटल

चेंबर ५२ घन सेंमी, चारही अर्ध्या घन सेंमीच्या आत. डेक १.४ मिमी.

८५.५ च्या बोअरला १.४ मिमी म्हणजे ८ घन सेंमी. ५२ अधिक ८, ६०. एका सिलिंडरचे ३९६. म्हणजे ४५६ भागिले ६०, ७.६. बरोबर ना?

मापपट्टी

बरोबर, आणि उत्तम आहे. कागदी पॅकिंगखाली शिम (पातळ चकती) घालायची गरज नाही. बंद करा.

निळी_बीटल

बंद केली, आणि क्रँक जाम झाला. केसचे १२ मिमीचे तीन नट आवळेपर्यंत हाताने फिरत होता, चौथ्याला घट्ट. काल रात्रभर झोप लागली नाही. सील लावलेली केस पुन्हा उघडायची का?

लेथवाली

उघडा, लगेच, आणि जोर लावून फिरवू नका. एक, तीन आणि चार नंबरचे बेअरिंग अखंड कड्यांचे असतात आणि प्रत्येकाला एका बारीक पिनवर बसायचं असतं. एखादा पिनवरून सरकला असेल. आधी क्रँक नसताना प्रत्येक बेअरिंग पिनवर नीट बसवा आणि केसच्या कडेच्या रेषेत त्याच्यावर टोकदार खूण करा. मग क्रँकसकट ठेवताना खूण कडेशी जुळली की पिन आत आहे.

ज्या बेअरिंगला पिनचा खड्डा पडला असेल तो वापरू नका.

निळी_बीटल

तीन नंबर. पाठीवर पिनचा खड्डा. नवा सेट घातला, खुणा करून. या वेळी प्रत्येक नटानंतर क्रँक फिरवून पाहिला, शेवटपर्यंत एका बोटाने फिरतो.

क्रँकचा खेळ ठरवणाऱ्या तीन शिमांचा हिशेबही केला. तेलाचं सील न लावता दोन शिम घालून फ्लायव्हील आवळलं, खेळ ०.४४ आला. त्यातून हवा असलेला ०.१० वजा, म्हणून तिसरा शिम ०.३४ चा. सील आणि तीन शिमांसह शेवटचं माप ०.१०. फ्लायव्हीलच्या मधल्या नटाला जवळजवळ ३०० न्यूटन-मीटर लागतात, त्यासाठी फ्लायव्हील लोखंडी पट्टीने अडवून लांब दांडा वापरला.

कॅमच्या गिअरवरची खूण क्रँकच्या दोन खुणांच्या मध्ये आहे, हे बंद करायच्या आधी आणि माझ्या मुलीला बोलावून, असं दोनदा बघितलं.

रॉकरआर्म

पुशरॉड ट्यूब लावण्याआधी हाताने ताणून घ्या, टोकापासून टोकापर्यंत १९० मिमी, आणि ट्यूबची शिवण वरच्या बाजूला. शिवण खाली आली की तेल तिथूनच ठिबकायला लागतं. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे.

मापपट्टी

आणि पत्रे!

निळी_बीटल

पत्रे सगळ्यात आधी लावले, फोटो डकवतोय. जुने मिळाले होते, गंजलेले. घासून अगदी पातळ काळा रंग दिला. स्टडवर इतके घट्ट बसतात की हाताने हलत नाहीत. रबर चारही बाजूंनी नवं, थर्मोस्टॅट नवा, गरम पाण्यात टाकून उघडतो का ते पाहून मगच बसवला.

उद्या सुरू करतो. पहिल्या चालू करण्याबद्दल काही?

मापपट्टी

अडीच लिटर तेल, खनिज, सपाट टॅपेटसाठी जस्त असलेलं. चारही प्लग काढून स्टार्टर मारत राहा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझल्याशिवाय प्लग लावायचे नाहीत. टायमिंग आधीच स्थिर लावून ठेवा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरलेलं असू द्या, म्हणजे पहिल्याच फेऱ्यांत इंजिन पकडेल.

सुरू झालं की आयडलवर सोडू नका. लगेच २००० फेऱ्यांवर न्या आणि २० मिनिटं तिथेच, थोडं वर-खाली करत. नव्या कॅमला आणि टॅपेटला बरंचसं तेल क्रँकने उडवलेलंच मिळतं, आणि आयडलला ते पुरत नाही. इथे आळस केला तर कॅमचे उंचवटे पहिल्याच दिवशी जातात. तेवढ्या वेळात जनरेटरचा दिवा पेटला तर क्षणात बंद करा. पंखा जनरेटरच्याच शाफ्टवर आहे, पट्टा गेला म्हणजे पंखा गेला. पट्टा अंगठ्याने दाबला की साधारण १५ मिमी दबावा.

थांबल्यावर तेल गरम असतानाच सोडा.

निळी_बीटल

सुरू झालं. तिसऱ्या फेरीला पकडलं. २० मिनिटं मी फॅन हाउसिंगवर हात ठेवून उभा होतो. तेलाचा दाब २००० फेऱ्यांवर, गरम, ३२ पीएसआय. सोडलेल्या तेलाच्या जाळीवर राखाडी पेस्ट, चमकणारे कण नाहीत. टॅपेट गार झाल्यावर सकाळी बघितले, एक, दोन, तीन, चार या क्रमाने, पुली प्रत्येक वेळी अर्धा फेरा उलटी फिरवून. दोन ठिकाणी किंचित सैल, बाकी ठीक.

लेथवाली

३२ छान आहे. हजार फेऱ्यांना १० असं धरलं तर तुमच्याकडे शिल्लक आहे.

नवशिका

वाचनखूण साठवली. फोटोही ठेवून दिलेत.

निळी_बीटल

५०० किलोमीटर झाले. रोज तीच चढण, जिथे आधी दम निघायचा. तेल पुन्हा बदललं.

आज पहाटे इंजिन गार असताना झाकणं काढली आणि सरळ तीन नंबरकडे गेलो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.१५ चं पान लावलं. पान आत सरकलं, ओढताना जेवढा हवा तेवढाच अडसर. ०.२० चं लावून पाहिलं, ते जात नाही. स्क्रूला हात न लावता झाकण परत लावलं.

मापपट्टी

१००० ला पुन्हा बघा आणि इथे आकडा लिहा.